मृगाआधीचा गुरुवार

कागद बांबूच्या नळीत होता आणि नळीच्या तोंडाला मेणकापड इतकं घट्ट बांधलेलं होतं, की म्हाताऱ्याने ते शेवटी दातांनी सोडवलं. माझ्या टेबलावर आधीच एकतीस कागद पडलेले होते. वरचा पंखा चार दिवस बंद होता. तक्रार कुणाकडे करायची, याबद्दल ऑफिसात अजून एकमत झालेलं नव्हतं.

"जपून हां बाई," तो म्हणाला. "घडीवर चिरलाय त्यो."

"सत्तावीस वर्षं हेच करतेय मी आजोबा. नाव काय तुमचं?"

"येसबा मल्लाव. हिवरघाटचा. भोई आमी. घाटावर नाव चालिवतो."

हे त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. जिल्ह्याच्या गावी आमचं जुन्या कागदांचं एक लहानसं ऑफिस होतं आणि मी तिथे मोडी वाचत असे. कोर्टाकडून, प्रांतांकडून जुने कागद यायचे. ते वाचायचे, बाळबोधीत उतरवायचे आणि कागद खरा की बनावट यावर दोन ओळींचा अभिप्राय द्यायचा, एवढंच माझं काम. लोक मला जंत्रीबाई म्हणत, कारण माझ्या उजव्या हाताला कायम जंत्री उघडी असायची. जुन्या तारखा आजच्या तारखांत बसवून देणारं जाडजूड पुस्तक ते. त्याची शिवण माझ्याच हातात सुटली आणि मीच ती दोनदा दाभणाने शिवली.

त्या दिवसांत बनावट कागदांचं पेवच फुटलं होतं. चहाच्या पाण्यात कागद बुडवायचा, उन्हात वाळवायचा आणि आजोबांच्या आजोबांना कुणा सरदाराने दिलेली जमीन त्यावर मिळवायची. अक्षर बेमालूम जमायचं लोकांना, पण वार जमायचा नाही. जुनी तारीख लिहिणं सोपं, त्या तारखेला कोणता वार होता हे काढणं अवघड, म्हणून खोटा माणूस बहुतेक वारापाशीच अडकतो. असे अकरा कागद मी धरले होते. आमचे साहेब, मिरजगावकर, ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे आणि मी मान खाली घालून ऐकायचे. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू?

"सुनावणी कधी आहे?" मी विचारलं.

"सोमवारी. प्रांतसायेब म्हन्ले, तुमच्या हापिसाचा शेरा आना."

घाटालगतच्या जागेवर भोयांची बावीस घरं होती. उपसा योजनेचं पंपघर तिथे बांधायचं ठरलं होतं. जागा त्यांना जुन्या काळी रीतसर दिलेली असेल, तर पंपघर दोनशे हात खाली सरकणार होतं. नसेल, तर ती बावीस घरं म्हणजे अतिक्रमण. आणि दाखवायला त्यांच्याकडे एवढा एकच कागद होता.

मी वाचायला घेतलं. अक्षर बरं होतं, कारकून घाईतला पण जाणता. घाटावरची नाव तुम्ही व तुमच्या लेकराबाळांनी चालवावी, घाटालगतची जागा राहावयास दिल्ही असे, गुरुवारी नावेस नारळ देऊन कागद करून दिल्हा असे. खाली तारीख होती. महिना मुसलमानी, जमादिलाखर, त्याचा चंद्र सातवा, म्हणजे सातवी तारीख. वर्ष मात्र सुहूर सनाचं, अकराशे एक्क्याऐंशी. पेशवाईतले कारकून अशीच तारीख घालत. शक नाही, तिथी नाही. वार तेवढा मजकुरात आलेला.

"आधी कुणाकडून वाचून घेतला होता का हा?"

"माज्या आज्यानं कुलकर्न्याकडनं वाचून घेतलावता म्हनं. आमाला तोंडपाठ हाय. मिरगाच्या आदल्या बेस्तरवारी कागद झाला. म्हून दरसाल मिरगाच्या आदल्या बेस्तरवारी नाव काठावर वडायची, हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा. मग पावसाळ्याची डागडुजी."

"हं," मी म्हटलं.

त्याने ते पुन्हा सांगितलं. आजा सांगायचा, बाप सांगायचा, मिरगाच्या आदल्या बेस्तरवारी, म्हणजे मृगाआधीच्या गुरुवारी. मी जंत्री चाळत होते. लोक असं पुष्कळ काय काय सांगतात. एकाने तर शिवाजी महाराज आमच्या ओट्यावर ताक पिऊन गेले, म्हणून ओट्याचा कर माफ करा असा अर्ज केला होता. असल्या गोष्टी ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षात शिकले होते.

त्यातून त्या दिवशी मला डोळे उघडे ठेवणंही जड जात होतं. यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. त्यांचं सगळं अंथरुणातच. दिवसा एक बाई यायची ती सहाला निघून जायची, एक मिनिट थांबायची नाही. पाच दहाची एसटी चुकली, की ते घरात एकटे. घड्याळात तेव्हा पावणेपाच झाले होते.

जंत्रीत त्या वर्षाचं पान काढलं. पहिल्याच ओळीत जमादिलाखर. सातवा चंद्र म्हणजे इंग्रजी दहा जून, सतराशे ऐंशी. वार काढला, शनिवार. पुन्हा काढला, शनिवारच. चंद्र एखादा दिवस मागेपुढे दिसतो, तेवढी सूट आम्ही देतो. शुक्रवार चालला असता, रविवार चालला असता. गुरुवार काही केल्या बसत नव्हता.

"काय झालं, बाई?"

"वार जुळत नाही आजोबा."

"म्हंजी?"

"कागदात गुरुवार लिहिलाय. त्या तारखेला शनिवार होता."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग कागदाकडे. त्याला वाचता येत नव्हतं, तरी बोट नेमकं खालच्या ओळीवर ठेवलं त्याने.

"मिरगाच्या आदला बेस्तरवार हाय त्यो."

"दहा जूनला मृग लागून गेलेला असतो आजोबा. तेही जुळत नाही."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले, मृग लागून गेलेला असतो म्हणून. आणि हातातलं पेन न थांबवता शेरा लिहिला. तारीख व वार यांचा मेळ बसत नाही, कागद विश्वसनीय वाटत नाही. खाली सही, अनसूया कर्णिक. मिरजगावकर साहेबांनी उभ्या उभ्या त्यावर सहीचा कोंबडा मारला आणि माझ्याकडे बघून हसले. "बारावा का?"

येसबा भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणारे रोज यायचे, त्यांची सवय होती. त्याने कागद त्याच घडीवर मिटला, नळीत घातला, मेणकापड बांधलं. "तुमी वाचलं म्हंजी खरंच आसंल," म्हणाला. "आमाला काय कळतंय." मला हात जोडले आणि गेला.

मी पर्स उचलून धावतपळत स्टँडवर गेले. पाच दहाची एसटी त्या दिवशी आलीच नाही. पाऊण तास मी बाकावर बसून होते, उसाचा रस प्यायले, वर्तमानपत्राच्या जुन्या रद्दीतलं शब्दकोडं सोडवलं. घरी पोचले तेव्हा बाई कधीच निघून गेली होती आणि हे ओल्या चादरीवर पडून छताकडे बघत होते.

पुढचं मला उडत उडत कळलं. पावसाळ्याआधीच बावीस घरं उठवली. आठ मैलांवर एका माळावर त्यांना जागा दिली. त्या वर्षाअखेर यजमान गेले. मी सुतक संपल्यावर कामाला लागले आणि नेहमीसारखे कागद वाचत राहिले.

चार वर्षांनी, सत्त्याऐंशीच्या मेअखेर, साहेबांनी उन्हाळी मोडी वर्ग काढला. शिकवायला मीच, दुसरं होतं कोण? नऊ जण आले होते, त्यात दोन रिटायर्ड मास्तर, फार प्रश्न विचारणारे. मी फळ्यावर सुहूर सन शिकवत होते.

"या सनाची गंमत अशी, की वर्ष सूर्याचं आणि महिने चंद्राचे," मी सांगत होते. "वर्ष मृगाला सुरू होतं, पुढच्या मृगाला संपतं. पण चंद्राचे बारा महिने दहा-अकरा दिवस आधीच संपतात. मोठ्या खोलीत आखूड सतरंजी घातली की कडेला हातभर जमीन उघडी राहते ना, तसं. मग त्या उरलेल्या जागेत पहिलाच महिना पुन्हा सुरू करावा लागतो."

"म्हणजे एकच तारीख एका वर्षात दोनदा येते?" एका मास्तरांनी विचारलं.

"येते. मृगाच्या जरा पुढची तारीख वर्षाच्या शेवटी, मृगाच्या जरा आधी, पुन्हा येते. वार अर्थातच वेगळा. म्हणून मृगाच्या आसपासचा कागद आला, की दोन्ही जागी बघायचं. जंत्रीचं पान उलटून..."

खडू माझ्या हातात तसाच राहिला.

मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं, तर केवढी सोय झाली असती! माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्या गुरुजींनी हेच शिकवलं होतं आणि मी तेव्हापासून शंभरदा ते केलं होतं. मास्तर काहीतरी विचारत होते. मी वर्ग सोडून टेबलाशी आले आणि जंत्री काढली, येसबाच्या कागदाची नक्कल असलेली वहीही. सुहूर अकराशे एक्क्याऐंशी. पहिली ओळ, जमादिलाखर, दहा जूनचा शनिवार. पान उलटलं. मागच्या बाजूला, वर्षाच्या अगदी शेवटच्या ओळीत पुन्हा जमादिलाखर. सातवा चंद्र, एकतीस मे, सतराशे एक्क्याऐंशी.

गुरुवार. आणि मृग लागायला चारपाच दिवस बाकी.

मिरजगावकर साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ टाचणीने दात कोरत बसले.

"चार वर्षं झाली कर्णिकबाई. पंपघर उभं राहिलंय."

"पंप अजून बसलेले नाहीत. योजना रखडलीय, पेपरात आलंय. आपण चूक झाली म्हणून लिहून दिलं तर प्रकरण पुन्हा उघडेल."

"चूक कुणाची?"

"माझी."

"मूळ कागद आणा," ते म्हणाले. "मूळ कागद समोर असेल तर मी माझ्या सहीने लिहितो. वहीतल्या नकलेवर कुणी विचारणार नाही."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली. चार जून होता तो. वार मुद्दाम बघून निघाले होते. म्हटलं, मृगाआधीचा शेवटचा गुरुवार आहे, पूजा असेल, सगळे जागेवर भेटतील.

माळ म्हणजे नुसता खडक. फाट्यावर उतरून दोन मिनिटं चालल्यावर पत्र्याची घरं लागली. पुरुषमाणूस दिसेना, सगळे खडी फोडायला गेलेले. पाण्याचा टँकर येऊन गेलेला असावा, कारण हंडे भरलेले होते आणि बाया शांत होत्या. पूजेची कुठे काही चाहूल नव्हती. मधल्या मोकळ्या जागेत नाव होती, पालथी घातलेली. एका बाजूने दगड लावून उचललेली आणि खाली कोंबड्या.

येसबा सावलीला वाकळ टाकून बसला होता. फार खंगला होता. मला त्याने लगेच ओळखलं.

"जंत्रीबाई! आन् हितं?" त्याने सुनेला हाक मारली. "सुंदरा, पानी आन गं. हापिसातल्या बाई आल्यात."

सुंदराने पाणी आणलं. अर्धाच तांब्या होता तो आणि तेवढाही घ्यायला मला लाज वाटली.

"आज पूजा नाही का?" मी विचारलं.

"कशाची?"

"नावेची. मृगाआधीचा गुरुवार ना आज?"

तो हसला. "ती बंद केली बाई. तुमी सांगितलं तवाच. कागदच खोटा म्हनल्यावर कशाची पूजा करायची? पोरं म्हनली, चालू ठिवू. मी म्हन्लो, न्हाई. आपल्या वाडवडलांनी लबाडी केली आन् आपुन नारळ फोडतोय, देवाला काय कळत न्हाई का? मला वाईट वाटलं त्ये घराचं न्हवं. घर काय, पुरात चारदा गेलंय. आमच्या म्हाताऱ्यानं खोटा कागद केला, ह्ये लई लागलं. लई सरळ मानूस म्हनून त्येचं नाव घेत हुतो आमी."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"आजोबा, तो कागद कुठाय? द्या मला."

"न्हाई आता त्यो."

"नाही म्हणजे?"

"हितं येताना नदीत सोडला. नळीसकट. खोटी चीज घरात कशाला ठिवायची?"

टँकरमधून सांडलेल्या पाण्यावर चिमण्या उतरल्या होत्या, त्या मी बघत बसले. आता बोलून काय उपयोग, असं एक मन म्हणत होतं. फाट्यावर जाऊन बसावं, साडेचारची बस धरावी, या माणसाचं दुखणं जुनं होऊन बसलंय ते कशाला उकरावं. असं मन मला नेहमीच फार पटतं. पण त्याच्या सरळ म्हाताऱ्याचं नाव माझ्यामुळे गेलं होतं आणि ते फक्त माझ्याकडूनच परत मिळणार होतं.

"कागद खरा होता, आजोबा."

येसबा वाकळीवर सरसावून बसला.

"चूक माझी झाली. ती तारीख त्या वर्षात दोनदा आली होती. एकदा मृगानंतर, शनिवारी. आणि एकदा वर्षाच्या शेवटी, मृगाआधी. गुरुवारी. तुम्ही सांगत होता अगदी तसंच. मी पहिलीच पाहिली."

सुंदरा दारात येऊन उभी राहिली होती. येसबाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आन् दुसरी कुटं सापडली?"

"त्याच पुस्तकात. त्याच पानाच्या मागे."

"किती येळ लागला सापडाया?"

"पान उलटायला लागतो तेवढा."

तो मान हलवत राहिला. ओरडला नाही. त्याच्या आवाजात राग असा नव्हताच, काहीतरी समजून घ्यायचं राहून गेलंय आणि ते आता विचारून घ्यावं, असा तो आवाज होता.

"मग त्या दिशी का न्हाई उलटलं बाई?"

घरी यजमान आजारी होते, पंखा बंद होता, एकतीस कागद होते. हे सगळं जिभेवर आलं. खरंही होतं ते सगळं.

"बस चुकेल म्हणून," मी म्हटलं.

"घावली का मग बस?"

"नाही. आलीच नाही ती."

"आलीच न्हाई," तो म्हणाला. "हां. ह्या येष्ट्यांचं आसंच आसतंय."

त्यानंतर किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी रडत होते, एवढं आठवतं. सुंदराने मला रड म्हटलं नाही की उगी म्हटलं नाही. मूळ कागदाशिवाय प्रकरण उघडणार नाही हेही मी सांगून टाकलं, त्याला आशेला लावणं हे दुसरं पाप झालं असतं. त्याने ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "तुमी लिवून द्या. तुमच्या हातानं. कागद खरा हुता म्हनून."

"त्याचा कचेरीत काही उपयोग..."

"कचेरीत न्हाई द्यायचा. घरात ठिवायचा हाय."

नकलांची वही मी बरोबर आणली होती, तिच्यातलं कोरं पान काढलं. आधी त्यांच्या कागदाची नक्कल उतरवली, अक्षर न् अक्षर, नारळाच्या ओळीसकट. खाली लिहिलं, हा कागद अस्सल होता, तो खोटा ठरवण्यात चूक माझी झाली. सही केली. चार जून, एकोणीसशे सत्त्याऐंशी.

"वार घाला," येसबा म्हणाला.

मी वार घातला. त्याने कागद हातात घेतला आणि विचारलं, "कुटं हाय त्यो?" मी दाखवला. त्या शब्दाखाली त्याने अंगठा ठेवला आणि तो तसाच धरून बसला. थोड्या वेळाने सुनेला म्हणाला, "सुंदरा, कोंबड्या काढ भाईर. नाव सुलटी करायची हाय."

"आन् नारळ वो मामा?"

"बघ कुनाकडं हाय का. नसला तर गुळाचा खडा ठिवू."

तीनचार बाया आल्या, येसबाही उठला. फाट्याच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. साडेचारची बस धूळ उडवत येऊन थांबली आणि कंडक्टरने लांबून मलाच हात केला, त्या माळावर पातळ नेसून पर्स घेतलेलं दुसरं होतं कोण? बस अगदी वेळेवर आली होती. घरी आता माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. मी त्याला जा म्हणून खूण केली, पर्स जमिनीवर ठेवली आणि बायांच्या शेजारी नावेला हात लावला. नाव फार जड होती.